आवाहन : आरसे, लाल पट्ट्या आणि आठवड्यातले दोन तास

लकव्याच्या रुग्णाचं ताट उचलताना एकदा नीट पाहा. भाजी-आमटी संपली आणि डावीकडची चटणी, कोशिंबीर, लोणचं जसंच्या तसं राहिलं, तर तोंडाला चव नाही असं समजू नका. मेंदूच्या उजव्या भागात झटका आला की काहींच्या लेखी डावी बाजू उरतच नाही. डोळे शाबूत असतात, लक्ष तिकडे जात नाही. याला 'निग्लेक्ट' म्हणतात. ताट फिरवून दिलं की तोच माणूस कोशिंबीर खातो.

दुसरा त्रास फार कमी घरांना ठाऊक असतो. बसवलं की रुग्ण धडधाकट हातानं पलंगावर रेटा देऊन लुळ्या बाजूकडेच कलतो. घरचे सरळ करायला ओढतात, तसा तो आणखी जोर लावतो आणि दोघंही पडतात. कृपा करून याला हट्ट म्हणू नका. कललेलं अंगच त्याला सरळ वाटतं. पॅट्रिशिया डेव्हिस यांनी १९८५ मध्ये वर्णन केलेला हा 'पुशर सिंड्रोम'. ओढाओढीत लुळा हात धरला तर खांदा सांध्यातून खाली सरकतो, ते दुखणं वेगळंच.

उभी रेष मात्र त्याच्या नजरेला कळते. म्हणून आरशावर मधोमध उभी लाल पट्टी चिकटवायची, त्याला समोर बसवायचं आणि आपण कललोय हे त्याचं त्यालाच दिसू द्यायचं. मग धडधाकट बाजूला, हात लांबवावा लागेल इतक्या अंतरावर पेला ठेवायचा. तो घ्यायला रुग्ण आपणहून तिकडे झुकतो. रोज सराव झाला तर बहुतेकांचा रेटा सहा महिन्यांत ओसरतो.

आमच्या पुनर्वसन केंद्रात एकच आरसा आहे, तोही कमरेपर्यंतचा. ६ × २ फुटांचे ४ आरसे हवेत, चाकांच्या चौकटीत बसवलेले, कारण प्रत्येकाला भिंतीपर्यंत नेता येत नाही. २ इंची लाल चिकटपट्टीचे १० रोलही लागतील.

आणि माणसं हवीत. आठवड्यातून दोन तास निग्लेक्ट असलेल्या रुग्णाच्या डाव्या बाजूला बसून त्याच्याकडून वर्तमानपत्र वाचून घ्यायचं. डाव्या समासाला लाल पट्टी लावलेली असते. ओळ मधूनच सुरू केली की बोट पट्टीवर ठेवून त्याला मागे आणायचं, घाई करायची नाही. पहिल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट शेजारी बसून शिकवतील.

जुने आरसेही चालतील. फक्त कडा घासलेल्या असाव्यात आणि काच फुटली तरी विखुरणार नाही अशी मागून फिल्म लावलेली असावी.