कापूस वेचणाऱ्या मावश्यांनो, आभार!
कौंडण्यपूरला रुक्मिणीचं दर्शन घेऊन आम्ही वर्धा नदीच्या काठानं, पांदणीतून चालत निघालो होतो. सपाट वाट, चढ ना उतार. आईला झेपेल अशी. पण काळ्या मातीत बंडीच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात. त्यातच तिचा पाय मुरगळला.

शेजारच्या वावरातून तुम्ही तिघी धावत आलात. एकीनं डोक्याचा रुमाल भिजवून घोट्याला बांधला. दुसरीनं बंडी जुंपायला लावली, वेचलेला कापूस पसरला आणि "पाय लोंबू देऊ नको माय" म्हणत आईला त्यावर बसवलं. कापसाला माती लागेल म्हटलं, तर हसलात. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणजे तेवढी कमाई बुडालीच. तरी पैसे घेतले नाहीत. वर डांबरी रस्त्यापर्यंत सोबत! घोटा बरा आहे. रुमाल धुऊन ठेवलाय, आई स्वतः आणून देणार म्हणते.