आधी सभागृह, मग शेजारी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शहरातील संगीताच्या कार्यक्रमांमुळे होणाऱ्या त्रासाविषयी आपल्या पत्रांच्या सदरात गेले काही दिवस जी चर्चा चालू आहे, ती मी बारकाईने वाचतो आहे. झोपमोड झाल्याची तक्रार करणारे वाचक अतिशयोक्ती करतात असे मला वाटत नाही. भिंतीतून येणारा ठेका रात्री अकरानंतर ज्याच्या उशाशी घुमतो, त्याला कलेचे महत्त्व सांगायला जाणे हा शुद्ध उद्धटपणा आहे. मात्र आतापर्यंत छापून आलेल्या एकाही पत्रात एक साधा प्रश्न विचारलेला दिसला नाही. त्या जागी आधी कोण होते?

मी ज्या छोट्या सभागृहात वीस वर्षे श्रोता म्हणून जात होतो, ते गेल्या वर्षी बंद पडले. दीडशे खुर्च्या, बुटका रंगमंच आणि मागे नावापुरते कलाकारदालन एवढाच त्याचा पसारा होता. शेजारी गोदाम होते, त्यामुळे कधी कोणाची कुरकुर आली नाही. गोदाम पाडून तिथे निवासी इमारत उभी राहिली, तिच्या शयनगृहांच्या खिडक्या नेमक्या रंगमंचाच्या बाजूला उघडल्या, आणि पहिली कुटुंबे राहायला आल्यावर काही महिन्यांतच तक्रारी सुरू झाल्या. भिंती आणि छत ध्वनिरोधक करून घ्या, नाहीतर कार्यक्रम थांबवा, असे चालकांना सांगण्यात आले. तो खर्च त्यांच्या कित्येक वर्षांच्या तिकीटविक्रीहून अधिक होता. (त्या इमारतीच्या जाहिरातीत ‘कलासंपन्न परिसर’ असे शब्द होते, हे मला नंतर तिथल्याच एका रहिवाशाने हसत हसत सांगितले. मला फारसे हसू आले नाही.)

हा अनुभव जगावेगळा नाही, आणि त्यावरचा उपायही नवा नाही. जो परिसरात बदल घडवून आणतो, त्या बदलामुळे निर्माण होणाऱ्या आवाजाच्या प्रश्नाची जबाबदारी त्यानेच उचलावी, असे तत्त्व ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने 2014 मध्ये आपल्या नगररचनेच्या नियमांत आणले. त्याआधी, फेब्रुवारी 2010 मध्ये, मेलबर्नच्या रस्त्यांवर हजारो संगीतप्रेमी उतरले होते. तो मोर्चा परवान्याच्या जाचक अटींविरुद्ध होता, आवाजाच्या नियमांविरुद्ध नव्हे, परंतु छोटी सभागृहे हा सार्वजनिक धोरणाचा विषय आहे ही जाणीव तिथपासून पक्की झाली. सॅन फ्रान्सिस्को शहराने 2015 मध्ये हाच विचार स्वीकारला, आणि इंग्लंडने 2018 मध्ये तो आपल्या राष्ट्रीय नियोजन धोरणात आणला. लंडनला तर तो नाइलाजाने स्वीकारावा लागला: 2007 मध्ये तिथे संगीताची 136 छोटी ठिकाणे होती, ती 2015 पर्यंत 88 उरली. वाढती भाडी, कर आणि जमिनीला आलेला भाव ही त्यामागची मोठी कारणे होती. नव्या शेजाऱ्यांच्या तक्रारी त्यांच्या जोडीला होत्या.

या तत्त्वाचा अर्थ रहिवाशांनी गोंगाट निमूटपणे सोसावा असा नव्हे. सभागृहाशेजारी घरे बांधणाऱ्याने ती घरे शांत असतील अशा रीतीने बांधावीत, एवढाच तो आहे. आणि हे तत्त्व दोन्ही बाजूंनी लागू होते. उद्या शांत वस्तीत कोणी नवे सभागृह काढले, तर ध्वनिरोधनाचा सारा भार त्या सभागृहावर पडेल, आणि तो पडलाच पाहिजे.

खर्च नव्या बांधकामावर टाकण्यामागे केवळ न्यायाचा विचार नाही, पदार्थविज्ञानही आहे. सिद्धांतानुसार भिंतीचे वजन दुप्पट केले तर पलीकडे जाणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो, आणि प्रत्यक्षात अनेकदा त्याहूनही कमी. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण 10 डेसिबलची घट लागते. म्हणजे जुनी भिंत दुप्पट जाड करूनही शेजाऱ्याला आवाज निम्मा झाल्यासारखासुद्धा वाटणार नाही. खरा उपयोग होतो तो मधे पोकळी ठेवून बांधलेल्या, एकमेकींना न टेकणाऱ्या दुहेरी भिंतींचा, दोन काचांत पुरेसे अंतर असलेल्या खिडक्यांचा, आणि शयनगृहे रंगमंचाच्या विरुद्ध बाजूला ठेवून मधे जिने, उद्वाहन व स्वच्छतागृहे घेणाऱ्या आराखड्याचा. नकाशा कागदावर असताना या शेवटच्या गोष्टीला जवळपास काहीच खर्च येत नाही. इमारत उभी राहिल्यावर ती कोणत्याही किमतीला करता येत नाही.

मोजमापाविषयीही थोडे लिहिणे आवश्यक वाटते, कारण दोन्ही पक्ष एकमेकांना खोटे ठरवतात त्याचे मूळ पुष्कळदा तिथे असते. आवाज मोजताना सर्रास वापरले जाणारे ‘ए’ भारांकन माणसाच्या कानाला अनुसरून खर्जातील आवाज कमी धरते. 50 हर्ट्झच्या आसपास ही वजावट तब्बल 30 डेसिबल असते. नेमका हाच खोल आवाज भिंती सर्वांत सहज ओलांडतो. परिणामी यंत्रावरचा आकडा मर्यादेत असतो, चालक तो अभिमानाने दाखवतात, आणि शेजाऱ्याच्या खिडकीचे तावदान मात्र थरथरत राहते. संगीताच्या जागांसाठी खर्जाची वेगळी मोजणी ठरवून दिली, तर निम्मे वाद चौकशीच्या पहिल्याच दिवशी मिटतील.

कोणी म्हणेल, एवढी यातायात दीडशे खुर्च्यांसाठी कशाला; शहराने एखादे भव्य कलासंकुल बांधावे आणि सर्वांनी तिथे जावे. भव्य संकुलांना माझा विरोध नाही, पण ती छोट्या सभागृहाची जागा घेऊ शकत नाहीत. ज्याचे नाव कोणाला ठाऊक नाही अशा गायकाला हजार खुर्च्यांच्या दालनाचे भाडे परवडत नाही, आणि परवडले तरी चाळीस श्रोत्यांसमोर ते दालन त्याला गिळून टाकते. छोट्या खोलीत पहिल्या रांगेतल्या श्रोत्याची चुळबुळ गाणाऱ्याला दिसते, चुकलेली जागा लपत नाही, आणि पुढच्या महिन्यात त्याच श्रोत्यांसमोर ती सुधारून दाखवावी लागते. लिव्हरपूलमधील कॅव्हर्न क्लब 1957 मध्ये एका गोदामाच्या तळघरात सुरू झाला. बीटल्सनी तिथे तीन वर्षांच्या आत अडीचशेहून अधिक कार्यक्रम केले. भुयारी रेल्वेच्या वायुवीजनाचा उभा बोगदा तिथे काढायचा म्हणून 1973 मध्ये तो बंद करून पाडण्यात आला. तो बोगदा पुढे कधी बांधलाच गेला नाही. 1984 मध्ये जुन्या जागेच्या काही भागावर आणि काही जुन्याच विटा वापरून क्लब पुन्हा उभारावा लागला. शहराला आपली चूक कळायला अकरा वर्षे लागली.

सभागृहचालकांचे दोष मला दिसत नाहीत असे नाही. कार्यक्रम चालू असताना मागचे दार उघडे ठेवणे, शंभर माणसांसाठी मैदानात शोभतील असे ध्वनिक्षेपक लावणे, ठरलेली वेळ संपल्यावर ‘एकच शेवटचे’ म्हणत अर्धा तास पुढे रेटणे हे प्रकार मी स्वतः पाहिले आहेत. आवाज ठरावीक पातळीपुढे जाऊ न देणारे नियंत्रक यंत्र बसवणे आणि वेळ पाळणे ही त्यांची जबाबदारी राहीलच. आधीपासून असण्याचा हक्क बेपर्वाईचे समर्थन करू शकत नाही.

नगर प्रशासनाकडे माझी मागणी मर्यादित आहे. नियमित कार्यक्रम होणाऱ्या सर्व जागांची, छोट्यांसह, नोंद विकास नकाशावर असावी. अशा जागेलगत निवासी बांधकामाची परवानगी मागितली गेली, तर कार्यक्रम चालू असलेल्या रात्री घेतलेल्या ध्वनिमापनाचा अहवाल आणि त्यानुसार केलेली भिंती-खिडक्यांची रचना सादर केल्याशिवाय ती देऊ नये. आणि घर घेणाऱ्याला शेजारी काय चालते हे खरेदीच्या करारातच लेखी कळवावे, म्हणजे ज्याला ते नको असेल तो वेळीच दुसरीकडे पाहील. लंडनमध्ये एका सुप्रसिद्ध नृत्यक्लबासमोर निवासी मनोरा उभा राहण्याआधी याहून एक पाऊल पुढे जाणारा करार झाला होता: क्लबचा आहे तेवढा आवाज नव्या इमारतीने कायदेशीररीत्या मान्य करायचा आणि घरे त्या आवाजाचा विचार करून बांधायची.

अशा आणखी दोन छोट्या सभागृहांशेजारी नव्या निवासी इमारतींचे फलक लागलेले मी गेल्या महिन्यात पाहिले. दोन्ही ठिकाणी अजून पाया खणलेला नाही.

आपला,
एक नियमित श्रोता