सही कंत्राटदाराची, राबणे नोकराचे: थकलेल्या मजुरीसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

मागच्या रविवारी घरपोच सामान देणारे एक गृहस्थ आमच्या समितीकडे आले. पिशवीतून त्यांनी एक बिल काढून टेबलावर ठेवले. क्रमांक 14, ‘सेवा शुल्क’, बिल देणारा म्हणून त्यांचेच नाव. त्यांनी स्वतः आजवर एकही बिल केलेले नाही. कंपनीच्या ऑफिसातच ते दर महिन्याला छापतात, खाली यांची सही घेतात; सही झाल्याशिवाय खात्यात पैसे पडत नाहीत. आता दोन महिन्यांची मजुरी थकली आहे. मागायला गेले की तेच बिल पुढे करतात: तुम्ही आमचे कामगार नाही, कंत्राटदार आहात.

खरा कंत्राटदार आपला दर आपण सांगतो, नको ते काम नाकारतो, आपल्या जागी दुसरा माणूस पाठवतो. या गृहस्थांची वेळ कंपनी ठरवते, दर कंपनी ठरवते, उशीर झाला की दंड कापते. गाडी आणि पेट्रोल मात्र त्यांचे. ‘कंत्राटदार’ म्हटले की किमान वेतन, ओव्हरटाइम, भरपगारी सुट्टी, अपघाताची भरपाई, सगळ्यातून मालक मोकळा. आमच्या मते ही सरळ फसवणूक आहे.

कोर्ट नुसत्या शब्दावर जात नाही, हे आम्ही येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. 1973 मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने नगावर शिलाई घेणाऱ्या शिंप्यांना दुकानाचे कामगार मानले. मशीन दुकानाचे होते, आणि शिवण पसंत पडली नाही तर मालक ती पुन्हा करायला लावू शकत होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची 2006 ची 198 क्रमांकाची शिफारसही करारातल्या नावापेक्षा काम प्रत्यक्षात कसे चालते ते पाहायला सांगते. 2021 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने याच कसोटीवर उबरच्या चालकांना किमान वेतनाचा हक्क दिला.

पण ‘प्रत्यक्षात’ काय चालते ते सिद्ध करावे लागते, आणि आमची माणसे तिथेच अडतात. कामावरून काढले की ॲप बंद, आणि त्याबरोबर फेऱ्या, हजेरी, दंडाचे मेसेज सगळे गेले. सफाईकाम करणाऱ्या एक ताई मुलीच्या जुन्या वहीत पेन्सिलीने रोज येण्याजाण्याची वेळ लिहून ठेवत. ओल लागून पाने चिकटली होती. आम्ही ती एकेक सोडवून फोटो काढले. त्यांचा सगळा दावा आज त्या वहीवर उभा आहे.

हे काम आम्ही मोजके लोक नोकऱ्या सांभाळून करतो, आणि आता पुरे पडत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ कागद लावायला, थकबाकीचा हिशेब मांडायला माणसे हवीत. कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलांनी महिन्यातून एकदा जरी वेळ दिला तरी मोठा आधार होईल. पैसे लागतात ते टायपिंग, झेरॉक्स, कोर्टाची फी यांना, आणि सगळ्यात जास्त खाड्याला. तारखेला गेले की त्या दिवसाची मजुरी बुडते. तीन-चार तारखांनंतर माणूस अर्ध्या रकमेवर तडजोड करून मोकळा होतो. तो खाडा आम्हाला भरून द्यायचा आहे. प्रत्येक देणगीची पावती मिळेल, जमाखर्चाची वही कोणालाही पाहता येईल.

ज्यांची स्वतःची मजुरी अशी अडकली आहे, त्यांनी मेसेजचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवावेत आणि लवकर यावे; दाव्याला मुदत असते.

आणखी एक विनंती, कंपन्यांच्या हिशेब खात्यात बसणाऱ्यांना. कामगारांच्या नावाची अशी बिले तुमच्या हातून छापली जात असतील, तर एकदा येऊन ती कशी तयार होतात एवढे आम्हाला सांगा. तुमच्या संमतीशिवाय तुमचे नाव समितीबाहेर जाणार नाही.

आपले,
समितीचे कार्यकर्ते