सुमे, मी गोठले कशी होते ते वाच

ॲलनटाऊन, पेनसिल्वेनिया
३० नोव्हेंबर

प्रिय सुमे,

तू फोनवर विचारलंस, "नले, त्या दिवशी तुझं झालं तरी काय होतं?" आणि मी म्हटलं, लिहून कळवते. तेव्हा फोनवर सांगायला गेले असते तर तेही अर्ध्यावर तुटलं असतं. आता तुटणार नाही, पण कबूल केलंय तर लिहितेच. शिवाय ग्रुपवर माझं ते ध्यान अजून फिरतंय. डोळे अर्धे मिटलेले, तोंड सताड उघडं, दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं. मंगीने त्याचा स्टिकर केलाय आणि कुणी काही खुळ्यासारखं बोललं की चिकटवते. चाळीस वर्षांनी वर्ग व्हिडिओ कॉलवर जमला, मी दोन आठवडे कविता घोकली आणि दुसऱ्याच ओळीला माझा पुतळा झाला.

मला मात्र तुम्ही सगळ्या लख्ख दिसत होतात. तुझ्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडलेत, तेसुद्धा वाचता येत होते. तुम्ही हसत होतात आणि मला वाटत होतं, कविता आवडली वाटतं!

सगळी मेख तिथेच होती. तुमचं माझ्याकडे येत होतं, माझं तुमच्याकडे जात नव्हतं. आमचं इंटरनेट टीव्हीच्या केबलवरून येतं. कंपनीने कबूल केलंय खाली (डाउनलोड) ३०० आणि वर (अपलोड) २० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढे मेगाबिट. मोजलं तर खाली ३१२ आणि वर १.६.

आधी माझा वेडेपणा सांगते. मी १६० डॉलरचा नवा राऊटर आणला. डब्यावर सहा अँटेना होत्या, कोळ्यासारखा दिसत होता, म्हणजे चांगलाच असणार. काडीचा फरक नाही. ओंकारला बोस्टनला फोन केला तर म्हणाला, "आई, आधी लॅपटॉपला वायर लाव आणि ती सरळ मोडेममध्ये खुपस. मग मोज." तसं केलं. पुन्हा १.६. म्हणजे वायफाय निर्दोष, राऊटर निर्दोष. कोळी परत डब्यात गेला आणि डबा दुकानात.

मग संशय आला आमच्या श्रींवर. यांचा फोन रात्रंदिवस फोटो वर पाठवत असतो. पुतण्याच्या लग्नाचे चार-चार मिनिटांचे व्हिडिओ, त्यातले निम्मे स्वतःच्या बुटांचे. आणि गंमत अशी, की वर जायची वाट भरली की खाली येणारंही अडखळतं. का, तर खाली आलेल्या गठ्ठ्यांची पोचपावती वर पाठवावी लागते. ती व्हिडिओंच्या रांगेत मागे उभी राहिली की पलीकडचा पुढचं पाठवायचा थांबतो. बेल लॅब्जमधल्या जिम गेटिस नावाच्या इंजिनिअरला २०१० मध्ये हे स्वतःच्या घरच्या केबलवरच दिसलं होतं. मोडेमच्या पोटात रांगेसाठी नको तेवढी जागा ठेवलेली असते, म्हणून रांग वाढतच जाते. त्याला त्याने 'बफरब्लोट' नाव दिलं. पोट फुगलं म्हण! तर मी यांचं फोटो पाठवणं बंद केलं. १.६ चे अडीच झाले. वीस कुठे नि अडीच कुठे. फुगलेलं पोट होतं, पण खरा आजार दुसराच.

कंपनीला फोन केला. मुलगी गोड बोलत होती. "मॅम, इकडून सिग्नल छान दिसतोय. मोडेम बंद करून तीस सेकंदांनी चालू करा." केलं. पुन्हा फोन, पुन्हा दुसरी गोड मुलगी, पुन्हा तीस सेकंद. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "बाई, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काम करते. पेशंट 'बरं वाटत नाही' म्हणतो तेव्हा आम्ही त्याला उठून पुन्हा झोप असं सांगत नाही." ती हसली, पण माणूस काही पाठवला नाही.

मग ओंकारने एक खिडकी दाखवली. ब्राऊझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाकलं की बहुतेक केबल मोडेम स्वतःचा रिपोर्ट उघडून दाखवतात. अगं, हे म्हणजे आमचंच काम! आकड्यांचे रकाने. खाली येणाऱ्या सिग्नलचे सगळे आकडे ठणठणीत. वरच्या बाजूला मात्र चार वाटा असायला हव्यात, त्यातली एकच जुळलेली, आणि तिच्यापुढे पॉवर ५१.५ डीबीएमव्ही. ही पॉवर म्हणजे मोडेम किती जोरात ओरडतोय ते. साधारण ३५ ते ४९ पर्यंत ठीक. त्यापुढे म्हणजे बीपी वाढलेलं. कंपनीच्या टोकाला आवाज पोचला नाही की तिथलं यंत्र सांगतं, "अजून मोठ्याने." मोडेम आवाज चढवतो. पुन्हा "अजून मोठ्याने." चार वाटांवर एकदम ओरडायचं तर ५१ च्या पुढे त्याचा घसाच चालत नाही, मग तो एकेक वाट सोडून देतो. खाली नोंदवहीत ओळीने 'टी-थ्री टाइमआउट'. म्हणजे हाक मारली, ओ आली नाही. वीस-पंचवीस हाका एका दिवसात. बिचारा घसा फोडून ओरडत होता आणि मी त्याला तीस-तीस सेकंद झोपवत होते.

आता तू म्हणशील, वर जायलाच एवढा त्रास का? सुमे, ही तारच मुळात ऐकून घेण्यासाठी केलेली नाही. याच राज्यात, कोळशाच्या खाणींच्या डोंगराळ गावांत, टीव्हीच्या लहरी डोंगराला अडायच्या. तेव्हा १९४८ च्या सुमारास लोकांनी डोंगरमाथ्यावर अँटेना उभी केली आणि तिथून तार खाली घराघरात ओढली. माथ्यावरून खाली, एवढंच तिचं काम. महाद्वारात लाऊडस्पीकर लागतो तसं. इंटरनेट तिच्यावर चढलं ते फार नंतर. 'डॉक्सिस' नावाचे त्याचे नियम १९९७ मध्ये आले. तोवर तारेतली, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांतली, जवळजवळ सगळी जागा टीव्हीने धरलेली. ५४ मेगाहर्ट्झपासून वरचं सगळं खाली येणाऱ्यांचं, आणि वर जाणाऱ्यांना तळाची ५ ते ४२ ची बोळकांडी. आता काही ठिकाणी ही बोळ ८५ पर्यंत, कुठे २०४ पर्यंत रुंद करताहेत. आमच्याकडे अजून जुनीच वाटणी.

त्यात बोळही चांगल्या वस्तीतली नाही. मिक्सर, ड्रिल, ट्रकवाल्यांचे २७ मेगाहर्ट्झचे रेडिओ, सगळ्यांची खरखर नेमकी याच पट्ट्यात. गल्लीतल्या प्रत्येक घराची खरखर वर जाताना एकत्र होते, नदीला ओढे मिळावेत तशी. लाऊडस्पीकरवरून एकाने बोललं तर गावाला ऐकू जातं, पण गावाने बोललेलं एका माणसाने खांबावर बसून ऐकायचं म्हटलं तर कसं होईल? म्हणून मोडेमला आधी पाळी मागावी लागते, पाळी आली की बोलायचं.

तर मग आवाज वाटेत खातंय कोण? मी तार हातात धरून निघाले. दिवाणखान्यातून भिंतीत, भिंतीतून बेसमेंटमध्ये. तिथे वॉटर हीटरच्या मागे, कोळिष्टकांत, आधीच्या घरमालकाचा संसार सापडला. त्याच्याकडे चार टीव्ही असावेत. एक दोन तोंडांचा स्प्लिटर, म्हणजे एका तारेच्या दोन करणारी डबी, त्याच्यापुढे चार तोंडांचा. आमच्याकडे टीव्ही तारेवर चालतच नाही, म्हणजे चारातली तीन तोंडं उघडी, नुसती खरखर आत घ्यायला. दोन तोंडांचा स्प्लिटर साडेतीन डेसिबल खातो, चार तोंडांचा सात. एकूण साडेदहा. डेसिबलचा हिशोब आपल्याला कानिटकर बाईंनी शिकवला असता तर बरं झालं असतं. साडेदहा म्हणजे अकरा पटींच्या वर! मोडेमच्या अकरा आण्यांतला जेमतेम एक आणा पुढे जात होता.

दोन्ही काढले. मध्ये दोन डॉलरचा एक साधा जोड लावला, बोटांनी घट्ट केला, वर पान्याने अगदी थोडा. वर येऊन खिडकी उघडली. पॉवर ४१. चारही वाटा जुळलेल्या. अपलोड १९.४! मी एकटीच बेसमेंटच्या जिन्यावर उभं राहून ओरडले, "लई भारी!" श्रींना वाटलं, साप निघाला.

इथे पत्र संपायला हवं होतं. पण मी सवयीने रोज सकाळ-संध्याकाळ ते आकडे वहीत लिहित होते. ४१, ४१, ४०.५, ४१... आणि अकराव्या दिवशी ४९. पुन्हा टाइमआउटची रांग. दोन दिवसांनी आपोआप ४१. लॅबमध्ये असं काही दिसलं की आम्ही विचारतो, पेशंटने त्या दिवशी खाल्लं काय होतं? मी वहीच्या कडेला हवामान लिहायला लागले. आणि मग दिसलं, पाऊस! पाऊस पडला की आठ डेसिबल गेले. मागे जाऊन आठवलं, आपल्या गॅदरिंगच्या दिवशीही इथे धो धो पडत होता.

ती वही वाचून दाखवली तेव्हा कुठे कंपनीने माणूस पाठवला. साठीचा, शांत गृहस्थ, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून आत आला. मी वही पुढे केली. त्याने चष्मा वर सारून दोन पानं सावकाश वाचली आणि घरात न थांबता तडक बाहेर गेला, भिंतीवरच्या जोडापाशी, जिथे खांबावरची तार घराला मिळते. जोड फिरवून उघडला तर आतून पाण्याचा एक थेंब त्याच्या अंगठ्यावर पडला. त्याने अंगठा मला दाखवला, बोलला काही नाही.

तारेचं टोक मी जवळून पाहिलं गं. मधली तार सुईएवढी, वरून तांबं आणि आत पोलाद. एवढ्या झपाट्याने थरथरणारी वीज तारेच्या कातडीवरूनच धावते, म्हणून तांब्याचा मुलामा पुरतो. पण मुलामा गेला की संपलं. टोकाला हिरवा कळंक, आपल्या देवघरातल्या न घासलेल्या ताम्हनासारखा, आणि त्याच्या खाली गंज. भोवतीची जाळी पांढरट भुकटी होऊन त्याच्या बोटांना लागली. मी विचारलं, मग डाउनलोड कसं छान चालत होतं? तो म्हणाला, जोड असा अर्धवट तुटला की वरच्या पट्टीतल्या लहरी ती बारीकशी फट ओलांडून जातात, खालच्या पट्टीतल्यांना ते जमत नाही, आणि तुझं अपलोड नेमकं खालच्या पट्टीत आहे. 'सिग्नल छान दिसतोय' म्हणणाऱ्या दोन्ही मुली अगदीच खोटं बोलत नव्हत्या तर!

त्याने वीतभर तार कापली. आत अजून काळी. आणखी वीतभर कापली, तरी काळी. मग मान हलवली, गाडीतून रीळ काढलं आणि खांबापासून नवी तार ओढली. टोकाला नवा कनेक्टर बसवताना त्या चिमट्याचा जो 'कचक्' आवाज आला, तो ऐकूनच मला बरं वाटलं. तार आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ दिला. पाणी तारेवरून ओघळत येतं, ते झोळाच्या तळाशी ठिबकून जावं, जोडात शिरू नये म्हणून. जुन्या तारेला झोळ नव्हता. एवढीशी गोष्ट! चहा विचारला तर नको म्हणाला, पण चिवड्याची पुडी घेतली.

आता पॉवर ३८.५. यांचे बुटांचे व्हिडिओही रात्री दोननंतर निवांत वर जातात, तशी वेळ लावून दिलीय.

तुझ्याकडे काचेची तार (फायबर) आहे, तिला हिरवा कळंक लागायचा नाही. पण मागच्या वेळी तू कपाट सरकवलंस तेव्हा ती पिवळी तार मागे दुमडलेली मला दिसली होती. काचेला तीव्र वळण सोसत नाही, प्रकाश बाहेर पडतो. कपाट चार बोटं पुढे घे.

आणि मंगीला सांग, कविता अजून पाठ आहे. शनिवारी माझ्या सकाळी दहाला, म्हणजे तुझ्या रात्री साडेआठला, फोन लावते. हवामानखातं त्या दिवशी पाऊस सांगतंय. बरंच झालं, एकदा नीट पारखून होईल.

तुझी,
नलू

ता. क. ते दोन स्प्लिटर टाकवले नाहीत. स्वयंपाकघरातल्या खणात, लाटण्याशेजारी आहेत. श्री रोज विचारतात, हे इथे का.