अध्यक्षांना पत्र: सदनिका क्र. ३०२ मधला रेझिन प्रिंटर, डक्टमधला पाइप आणि न आलेलं उत्तर

दि. ४ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष व मा. सचिव,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था मर्या.,
डोंबिवली (पूर्व)

महोदय,
स. न. वि. वि.

यापूर्वीच्या अर्जांना उत्तर मिळालं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पहिला अर्ज हातात दिला तेव्हा सचिव "बघतो" म्हणाले. त्यानंतरचा वॉचमनच्या केबिनमध्ये, पाण्याच्या टँकरच्या वहीखाली पडलेला मी स्वतः पाहिला. त्यावर चहाच्या कपाचा डाग होता. उपविधींप्रमाणे सभासदाचा अर्ज समितीच्या सभेत घ्यायचा असतो आणि निर्णय लेखी कळवायचा असतो. वहीखाली ठेवायचा असतो असं मी तरी कुठे वाचलेलं नाही.

माझ्या खालच्या ३०२ मध्ये गेल्या दिवाळीच्या आधीपासून मोठ्या आकाराचा रेझिन प्रिंटर बसवलेला आहे. "काकू, प्रिंटर तर आता घरोघरी असतो," असं सचिवांनी मला जिन्यात ऐकवलं. हे कागद छापायचं यंत्र नव्हे, वस्तू बनवायचं यंत्र आहे. याच्या तळाशी एक ट्रे असतो, त्यात किलोच्या वर पातळ रेझिन, म्हणजे प्रकाश पडला की घट्ट होणारं प्लास्टिकचं द्रव, ओततात. खालच्या स्क्रीनमधून जांभळा प्रकाश पडतो आणि रेझिन एकेक थर करून घट्ट होत जातं. थर साधारण मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा. म्हणजे तीस सेंटीमीटर उंचीची वस्तू करायची तर सहा हजार थर झाले. एका थराला आठ-दहा सेकंद धरले तरी तेरा ते सतरा तास यंत्र चालू. हा हिशोब माझा नाही, माझ्या इंजिनिअर भाच्याचा आहे. प्रत्येक थर खालच्या प्लास्टिकच्या पडद्यापासून सुटतो तेव्हा "टक्" असा आवाज येतो. दिवसा तो कळत नाही. रात्री दोन वाजता, पंखा बंद असताना, कळतो.

आवाजाचं मी सोडून दिलं आहे. तक्रार वासाची आहे.

३०२ ने बाथरूमच्या खिडकीच्या दोन काचपट्ट्या काढून तिथून चंदेरी रंगाचा गुंडाळीचा पाइप डक्टमध्ये सोडला आहे. त्याच्या तोंडाशी पंखा आहे. आतली हवा बाहेर काढली म्हणजे आपली जबाबदारी संपली असा त्यांचा समज दिसतो. डक्ट ही कोणाची खाजगी चिमणी नाही. सगळ्या मजल्यांची बाथरूमं तिच्यात उघडतात आणि माझ्या तर स्वयंपाकघराची खिडकीही. सकाळी दूध तापवायला उभं राहावं तर नेलपॉलिश आणि नवी प्लास्टिकची बादली एकत्र केल्यासारखा गोडसर, डोक्यात जाणारा वास. मी ३०२ ला जाऊन शांतपणे सांगितलं. उत्तर मिळालं, "काकू, यंत्रात कोळशाचा फिल्टर आहे." मग पाइप कशासाठी, असं मी विचारलं. त्यावर ते हसले.

डोंबिवलीत राहून वासाची तक्रार करते म्हणून समितीतल्या एका सदस्यांनी माझी थट्टा केल्याचं कानावर आलं. डोंबिवलीकरांना रसायनं मी शिकवायला नकोत. २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झालेला आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. २०१६ आणि २०२४ चे स्फोटही विसरण्यासारखे नाहीत. पण तो कारखान्यांचा भाग आहे, तिथल्या गोष्टी तिथे. ती एमआयडीसी तिसऱ्या मजल्यावर आणायची परवानगी कोणत्या सभेत दिली, त्याचा ठराव मला दाखवावा.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही, हे मुद्दाम नोंदवते. माझ्या दाताच्या कॅपचा साचा अशाच यंत्रावर झाला, फार छान बसली आहे. पण ती लॅब गाळ्यात आहे. तिथे एक्झॉस्ट थेट छपरावर काढलाय आणि काम करणारी मुलगी हातमोजे घालून होती. ३०२ ला गाळा घेणं परवडत नसेल असं मला वाटत नाही. त्यांची दोन्ही वाहनं कोणत्या पार्किंगमध्ये उभी असतात ते वेगळ्या पत्रात लिहीन.

आता पाण्याबद्दल. छापून झालेली वस्तू चिकट असते, ती धुवावी लागते. आधी ते स्पिरिटने धूत, हल्ली पाण्याने धुण्याचं रेझिन आणतात. "वॉटर वॉशेबल आहे, काकू, काळजीच नाही." पाण्याने धुता येतं याचा अर्थ ते पाणी मोरीत ओतता येतं असा होत नाही. न सुकलेलं रेझिन त्या पाण्यात उतरलेलं असतं. ते उन्हात ठेवून घट्ट होऊ द्यायचं, गाळायचं आणि गाळ वेगळा टाकायचा, अशी पद्धत आहे. ३०२ मध्ये मी पाहिलं ते असं: राखाडी, दुधट पाण्याची बादली, वर तरंगणारे मऊ तुकडे, आणि ती सरळ नहाणीत पालथी. ऑगस्टमध्ये आपणच नोटीस बोर्डावर लावलंत की शाडूचीच मूर्ती आणावी, खाडी वाचवावी. मी शाडूचीच आणली. ३०२ च्या नहाणीचं पाणी कोणत्या खाडीला जातं?

रेझिनची रिकामी बाटली कचऱ्याच्या डब्याशेजारी पडलेली होती, ती मी चष्मा लावून वाचली. काळी बाटली, तळाशी अजून मधासारखा थर. लेबलवर लाल चौकटीत एक मेलेला मासा आणि वाळलेलं झाड. बाजूच्या चौकटीत उद्गारचिन्ह. आणि झाडूवाल्या मावशी ती उघड्या हातांनी भंगाराच्या पिशवीत टाकत होत्या, कारण अशा बाटलीला भंगारवाला पैसे देतो. हे कच्चं रेझिन कातडीला वारंवार लागलं तर अ‍ॅलर्जी धरते आणि एकदा धरली की पुढे थोड्याशानेही उठते. मावशींच्या बोटांची सालं निघत आहेत. ती फिनेलने निघतात की याने, हे मी सांगू शकत नाही, मी डॉक्टर नाही. पण समितीने विचारलं तरी का नाही? २०१६ च्या घनकचरा नियमांत रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे असा घरगुती घातक कचरा वेगळा द्यायला सांगितलं आहे. आपण मात्र ओला-सुका यावरून ५०१ च्या आजींना नोटीस काढलीत, नारळाची शेंडी कुठल्या डब्यात टाकली म्हणून.

टीपीओ नावाचं, प्रकाशात असं द्रव घट्ट करणारं एक रसायन आहे. नखांच्या जेलमध्ये ते वापरायला युरोपात गेल्या १ सप्टेंबरपासून बंदी आली. प्रिंटरच्या अनेक रेझिनमध्ये तेच असतं. ३०२ च्या बाटलीत आहे की नाही ते डेटाशीट, म्हणजे आत काय काय आहे त्याचा कंपनीचा कागद, मागवलं की कळेल. मी मागितलं तेव्हा "पाठवतो" म्हणाले. हा शब्द सचिवांच्या "बघतो"चा सख्खा भाऊ दिसतो.

स्पिरिटचे जुने पाच-पाच लिटरचे कॅन अजून तिसऱ्या मजल्यावरच्या फायर होजच्या कपाटात आहेत. कपाट उघडून बघावं. हे आयसोप्रोपिल अल्कोहोल आहे. साधारण १२ अंशांच्या पुढे त्याची वाफ ठिणगीला पेट घेते, आणि डोंबिवलीत १२ अंश कधी होतं ते आपल्याला माहीत आहे. आगीची यंत्रणा ठीक असल्याचा फॉर्म बी दर जानेवारी-जुलैला द्यावा लागतो. जुलैचा फॉर्म देताना हे कपाट कोणी उघडून पाहिलं का?

इतर सभासदांना उपद्रव होईल असं काही सदनिकेत करू नये, ज्वलनशील माल साठवू नये, सामाईक जागा अडवू नये, हे उपविधींत स्पष्ट आहे. सदनिका राहण्यासाठीच वापरावी असंही आहे, पण त्याचा आग्रह मी धरत नाही. तेवढं ताणलं तर अर्ध्या बिल्डिंगचे क्लास बंद होतील.

याच ठिकाणी ३०२ च्या उलट तक्रारीचा उल्लेख करते, कारण ती मात्र सभेत लगेच घेतली गेली. म्हणे माझ्या फराळाच्या ऑर्डरी हा धंदा आहे आणि मसाला भाजताना डक्टमधून ठसका येतो. ठसका येतो, हे खरं. मिरचीचा येतोच. तो अन्नाचा ठसका आहे, दोन शिंका आल्या की संपतो, आणि मसाल्याच्या बरणीवर मेलेला मासा नसतो. शिवाय मी वर्षभर तळत नाही. ३०२ चं यंत्र रोज चालतं आणि कुरिअरची मुलं लिफ्ट धरून ठेवतात. ते यंत्र आणलं त्या दिवशी खोक्याने लिफ्टच्या दारावर पडलेला ओरखडा अजून तसाच आहे. दुरुस्तीचा खर्च मेंटेनन्समध्ये लागला तर माझा वाटा मी देणार नाही.

समिती गप्प का, याबद्दल लोक काय बोलतात ते मी लिहिणार नव्हते. पण बोलतात. अध्यक्ष महोदय, गेल्या दिवाळीत किल्ल्यांच्या स्पर्धेत आपल्या नातवाला पहिलं बक्षीस मिळालं. मुलाने मेहनत घेतली होती, गुणी मुलगा आहे. मात्र त्या किल्ल्यावरचे मावळे, तोफा, बुरुजासकट अख्खा महादरवाजा ३०२ मधून छापून आला होता. बाकीच्या मुलांनी बाजारातले मातीचे मावळे आणले, आळीव पेरून हिरवळ केली, चिखलात हात घातले. दुसरा नंबर कोणाच्या नातवाचा आला ते मी इथे लिहीत नाही.

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. ४०१ ने मान हलवली. २०२ च्या वहिनी म्हणाल्या, "तुम्ही लिहा, तुमचं ऐकतील." ५०१ चे आजी-आजोबा मुलाकडे पुण्याला आहेत, पण मेसेजवर त्यांचा अंगठा आला. १०३ म्हणाले की त्यांना वास येत नाही. त्यांना करोनापासून कुठलाच वास येत नाही.

माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. पाइप डक्टमधून आठवड्याच्या आत निघावा. कॅन आजच्या आज हलवावेत. रेझिनचं डेटाशीट समितीने लेखी मागवून नोटीस बोर्डावर लावावं. मावशींना चांगले हातमोजे सोसायटीच्या खर्चाने द्यावेत, आणि तो खर्च ३०२ कडून वसूल करावा. पाइप काढणं अगदीच अशक्य असेल तर तो पलीकडच्या डक्टमध्ये वळवावा. आपली सदनिका त्याच मजल्यावर आहे, पाइपही थोडाच लागेल.

या पत्राची पोच सही-शिक्क्यासह मिळावी. वॉचमनची सही चालणार नाही.

कळावे,
आपली,
सभासद, सदनिका क्र. ४०२

ता. क. आपल्या घरून आलेली चकली आणि अनारशांची ऑर्डर वहीत लिहून घेतली आहे. भाजणी रविवारी दळून येईल. तळण मात्र डक्टकडच्या खिडकीशीच होईल, माझ्याकडे दुसरी जागा नाही. पदार्थांना वास लागला तर पैसे परत मिळणार नाहीत.