नावं राहून गेली, आभार तरी पोचू देत

आईचा स्तनाचा कॅन्सर यकृतात गेलाय कळल्यावर आम्ही लिव्हरचा डॉक्टर शोधत कोल्हापूरभर फिरत होतो. रिपोर्टच्या रांगेतल्या एका ताईंनी थांबवलं. "गाठ लिव्हरमध्ये असली तरी आजार स्तनाचाच, औषधंही त्याचीच. पुन्हा बायोप्सी करायची का विचारा, रिसेप्टर, म्हणजे कॅन्सरच्या पेशींवरची प्रथिनं, ज्यांवरून औषध ठरतं, ती बदलतात कधीकधी." विचारलं. आधी निगेटिव्ह असलेला हर-टू नावाचा रिसेप्टर आता पॉझिटिव्ह निघाला आणि त्यावरचंच ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन सुरू झालं, दर 21 दिवसांनी.

2021 च्या जुलैत पंचगंगा चढली, रस्ते बंद. हे इंजेक्शन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. मेडिकलमधला पोरगा थर्माकोलचा डबा रेनकोटच्या आत पोटाशी धरून, गुडघाभर पाण्यातून दवाखान्यात आला. वरचे पैसे घेईना. "काकींना बरं वाटू दे, मग मिसळ चारा," म्हणाला.

केमोनं तोंड आलं, तेव्हा तांबड्या रश्श्याच्या गावात खायचं काय? शेजारच्या खाटेवरच्या मावशींच्या डब्यातून तूप-मऊभात यायचा. टूडी इकोला, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीला, नेणारे रिक्षावाले मामा मीटर बघायचेच नाहीत.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. गाठी लहान झाल्यात, आई परवा रंकाळ्यावर चालून आली. आणि हो, मिसळ बाकी आहे रे पोरा.