कार्टनच्या पाठीवरचं गणित

आदरणीय मॅडम,

तुमची बदली झाली त्या दिवशी मी सेकंड शिफ्टला होते, म्हणून आभार मानायचे राहिले. समोर असतात तरी तोंडातून शब्द फुटला असता असं नाही. म्हणून इथे, सगळ्यांदेखत लिहिते.

गोव्यात वेर्ण्याच्या औषध कारखान्यातल्या त्या पॅकिंग लाइनवर चार वर्षं मी एकच काम केलं. कार्टन उघडायचं, माहितीपत्रक घालायचं, स्ट्रिप घालायची, पुढे सरकवायचं. गोळी कशावरची, हेही कुणी सांगत नसे. "महिन्याचा उत्तम कामगार" म्हणून एकदा माझा फोटो भिंतीवर लागला. पाळीपाळीने लागतो हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे घरी सांगितलंसुद्धा नाही.

तुम्ही आधी बसची वेळ आणि कॅन्टीनचे पंखे सुधारलेत. आम्ही खूश. तुम्ही मात्र म्हणालात, याने कुरकुर थांबेल, कामात मन लागणार नाही. हर्झबर्ग नावाचा मानसशास्त्रज्ञ हे 1959 सालीच सांगून गेलाय. मग दर दोन तासांनी जागा बदलायला लावल्यात, तेव्हा आम्हीच कुरकुरलो. काम वाढलं, पगार तेवढाच!

तुम्ही चिडला नाहीत. एका कार्टनच्या पाठीवर (रिजेक्टमधलं, मोजून परत ठेवलेलं) हॅकमन आणि ओल्डहॅम या दोन अभ्यासकांचं, कामात मन किती लागेल ते सांगणारं 1976 चं गणित मांडलंत. कामातली विविधता, काम अख्खं हातात असणं आणि त्याचं मोल, या तिघांची सरासरी. तिला गुणिले स्वातंत्र्य, गुणिले आपण केलेलं कसं झालं ते कळणं. "बेरीज नाही, गुणाकार आहे," म्हणत तुम्ही त्या चिन्हांवर बोट ठेवलंत. शेवटच्या दोहोंपैकी एक शून्याजवळ गेलं की बाकीचं असून नसल्यासारखं. आमच्याकडे दोन्ही नव्हती.

त्यानंतर अख्खी बॅच एका गटाकडे आली. लाइन क्लिअरन्स, म्हणजे आधीच्या बॅचचं काही उरलं नाही ना ते बघणं, आम्ही करायचा, सही क्वालिटी विभागाची. लीक टेस्टही शिकलो. निळ्या पाण्यात स्ट्रिप बुडवून व्हॅक्यूम दिला आणि एका कप्प्यात निळं शिरलेलं दिसलं, तेव्हा मशीन मी थांबवलं. कुणाला न विचारता! हात थरथरत होते. तुम्ही येऊन सीलिंगचं तापमान तेवढं बघितलंत आणि म्हणालात, "बरं केलंस." बक्षीस नाही, फोटो नाही. त्या रात्री मात्र घरी सगळं सांगितलं.

आमच्यातल्या एका वयस्क भाईंना यातलं काहीच नको होतं. त्यांना त्यांची जुनीच जागा बरी वाटायची. तुम्ही ती राहू दिलीत. हे मला सगळ्यात मोठं वाटतं. नव्या कल्पनेच्या भरात माणसाला फरफटत नेणारे साहेब मी पाहिलेत.

आणि चवथीची रजा! आधी वरून कागद यायचा आणि नेमका त्याच आठवड्यात अर्ध्या लाइनला ताप यायचा. तुम्ही कोरा तक्ता आमच्यापुढे ठेवलात. दीड दिवसाचे गणपतीवाले तिसऱ्या दिवशी हजर, पाच दिवसांवाले नंतर, आणि सासष्टीच्या ख्रिस्ती मुलींनी मधले दिवस सांभाळले. नाताळात त्यांच्या जागी आम्ही.

यंदाचा तक्ता परवाच भरला, भांडण एकच झालं. नेवऱ्यांचा एक डबा तुमच्या नावाने वेगळा काढून ठेवणार आहे. इकडे येणं झालं तर म्हार्दोळला उतरा.

तुमची,
लाइन दोनवरची